मदत हवी आहे: चेहरा साधा असला तरी त्याला राग दिसतो

वरदा_भांडुप: लवकर सांगा कोणीतरी, डोकं उठलंय. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघायला डोळे बारीक केले तरी 'माझं काय चुकलं?' सुरू. रागावले नाही म्हटलं की 'मग आवाज का चढला?' आता खरंच चढतो. हे डिप्रेशनमुळे की लहानपणामुळे?

मंदार७: कोणाला? नवरा, मुलगा, भाऊ? उपचार चालू आहेत का? लहानपणी काय झालं?

वरदा_भांडुप: नवरा, अजून कोण! गोळ्या गणपतीनंतर सुरू झाल्या. सासरे पिऊन मारायचे.

खारी_बिस्कीट: बी१२ तपासलंत? आमच्या मेव्हण्यांना इंजेक्शनं घेतल्यावर एकदम तरतरी आली.

मंदार७: तरतरीचं कोण विचारतंय?

सुलभा_एस: मी शाळेत समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना अगदी पुसट चेहरे हळूहळू स्पष्ट करत दाखवले होते. मार खाल्लेल्या मुलांना राग इतरांच्या आधी ओळखू आला. घरात मारणारा असेल तर ते कामाचंच असतं. त्यात डिप्रेशनमध्ये साधा चेहराही नाराज वाटू शकतो. घरबसल्या दोन्ही वेगळं काढता येणार नाही.

दादरकर: आमच्या पिढीत सगळ्यांनीच छड्या खाल्ल्या. काही झालं नाही. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवा.

सुलभा_एस: काका, मास्तरांची छडी वेगळी आणि रोज रात्री दार वाजलं की पोटात गोळा येणं वेगळं. आणि गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता दहा दिवस मौनात नको.

दादरकर: मी स्वतः केलंय, मला शिकवू नका. लोकलने निघायचं, बस्स.

मंदार७: लोकल कसाऱ्यालाच संपते. पुढे घाट चालत चढणार?

वरदा_भांडुप: गाड्या नंतर पकडा हो. मी त्या क्षणी बोलू काय?

सुलभा_एस: नुसतं 'रागावले नाही' नको. 'तारीख वाचतेय, चष्मा आत राहिला' असं सांगा. आणि खरंच राग आला असेल तर तोही सांगा, कशाचा ते सांगा. लपवलात तर पुढच्या वेळी तो तुमचा चेहरा अजून निरखेल. डॉक्टरांना सासऱ्यांचं माहीत आहे ना?

वरदा_भांडुप: नाही. झोप आणि भूक, एवढंच सांगितलंय त्याने.

मंदार७: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! जिवाचं काही बोलतो का? तसं असेल तर थांबू नका. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात.

वरदा_भांडुप: नाही, तसलं काही नाही. शनिवारी डॉक्टरांची तारीख आहे. मी आत गेले तर चालेल?

सुलभा_एस: त्याला आधी विचारा. वडिलांचं तो सांगणार की तुम्ही, हेही घरीच ठरवा. केबिनमध्ये अचानक काढू नका.

खारी_बिस्कीट: आणि जाताच आहात तर बी१२ चंही विचारून घ्या.