टाळ्या वाजवणाऱ्यांशी मैत्री नको म्हणे!

पानवेल_वसई
काल शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. सार इतकंच: चर्चमध्ये गिटार, टाळ्या, आरती, आलेलुयाचा गजर हे सगळं नाटक. खरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनच. आणि असल्या नाटकाला जाणाऱ्यांशी मैत्री 'जपून' करावी, संगतीने श्रद्धा पातळ होते. टाकणारा कोण, तर माझा चाळीस वर्षांचा दोस्त. सकाळपासून डोकं फिरलंय.

तर पातळ श्रद्धेचा मी बोलतोय. दर बुधवारी प्रेअर ग्रुपला जातो, हात वर करतो, रडतोही. हा माझा दोस्त पहिल्या बाकावरचा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत पुढे गेला की खिशातून रुमाल काढणार, चौकोनी घडी करून लादीवर ठेवणार, त्यावर गुडघे टेकणार, मग जिभेवर घेणार. मागचा माणूस टाचेला अडखळतो. त्याला मी कधी नाटक म्हटलं का? (म्हटलं होतं. एकदाच. हसून.)

आणि लॅटिनचं मला सांगू नका. आमची आजी लॅटिन मिस्सात सगळा वेळ रोझरी, म्हणजे जपमाळ, ओढायची. फादरची पाठ, ओठातल्या ओठात पुटपुट, घंटा झाली की मान खाली. तिला समजायचा तो एकच लॅटिन शब्द, आमेन. पुढे मराठीत मिस्सा सुरू झाली तेव्हा घरी येऊन म्हणाली होती, "इतकी वर्षं फादर हेच म्हणत होते होय?" वडील हे सांगताना हसून लोळायचे.

ते वडील २०१८ च्या जुलैत गेले. वसई पाण्यात, लाइट नाही, रस्त्यावर होडी चालेल इतकं पाणी. पहिला आला तो हाच रुमालवाला. पँट गुंडाळून, डोक्यावर मेणबत्त्यांची पिशवी. माझ्या प्रेअर ग्रुपच्या बायकांबरोबर बसून रात्रभर रोझरी म्हणाला. तेव्हा कोणाची श्रद्धा किती पातळ, हे मोजायला वेळ नव्हता वाटतं.

जुनी_घंटा
भावना छान, मुद्दा कच्चा. आमेन लॅटिन नाही, हिब्रू आहे. आणि व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या ज्या दस्तावेजाने मातृभाषेला दार उघडलं, त्यातच लॅटिन राखावी असंही लिहिलंय. ते वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुनी लॅटिन मिस्सा मोकळी केली, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा बिशपांच्या परवानगीला बांधली. आम्ही तेही निमूट ऐकलं. मागतोय काय? थोडी शांतता. परवा अर्पणाच्या वेळी कॉयरने कीबोर्डवर जो ठेका लावला, तोच ठेका आमच्या पुतण्याच्या हळदीला होता. मला वेदीकडे बघावं की नाचावं कळेना.

वेंगुर्ल्याची_तेर्स
टाळ्यांचं जाऊ दे, पण आरतीला त्या यादीत कोणी घातलं? आरती, जोडलेले हात, जमिनीवर बसणं हे भारताच्या बिशपांनी मागितलं आणि रोमने १९६९ मध्येच मान्य केलं. पोपपेक्षा जास्त कॅथलिक व्हायचं असेल तर व्हा, पण मग रोमचं ऐकतो असं सांगू नका.

बाकी तुमचं वसईकरांचं भांडण मला गमतीचं वाटतं. लॅटिन की मराठी म्हणून डोकी फोडताय, आणि तुमची पोरं बसलीत इंग्रजी मिस्सात! मराठीला येणार कोण, पांढऱ्या केसांचे?

आगाशीची_आई
हे बोलायला सोपं आहे. माझा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, धर्मशिक्षण इंग्रजीत. मराठीत पापनिवेदन करायला पाठवला तर आत जाऊन गप्प बसला. फादरनीच विचारलं, "बाळा, पाप केलं नाहीस की शब्द सापडत नाहीत?" त्याला समजेल त्या भाषेत देव भेटू दे. आजीला लॅटिन समजत नव्हतं म्हणून एवढं वाईट वाटतं, मग माझ्या पोराला मराठी समजत नाही त्याचं काय?

केळीची_बाग
ताई, आजीच्या वेळी भाषा रोमहून आली होती. तुमच्या पोराची मराठी तुम्ही घालवलीत. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले, मराठी शिकले, १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून मोकळे झाले. इंग्रज माणूस मराठीकडे आला, आणि आपण चाललोय उलट दिशेने. उद्या कादोडीतली, आपल्या वसईच्या बोलीतली गाणीही इंग्रजी लिपीत वाचाल.

आगाशीची_आई
वाचतोच. निदान गातो तरी. तुमची मुलं कुठल्या शाळेत, ते सांगा आधी.

केळीची_बाग
वैयक्तिक होऊ नका.

आगाशीची_आई
"तुम्ही घालवलीत" हे वैयक्तिक नव्हतं?

वेंगुर्ल्याची_तेर्स
म्हणजे इंग्रजी शाळेतच. लक्षात आलं.

केळीची_बाग
हो, इंग्रजी. बायकोचा हट्ट. पण रोझरी घरी मराठीतच होते. टीव्ही बंद करून. तुम्ही मालवणीत भांडता आणि तेर्स, म्हणजे तुमची रोझरी, कोंकणीत म्हणता, तुम्ही आम्हाला भाषा शिकवू नका.

वेंगुर्ल्याची_तेर्स
भांडायला मालवणीच बरी पडते, त्यात माझा काय दोष?

पानवेल_वसई
अहो, विषय मैत्रीचा होता! शाळेच्या फीपर्यंत आणून सोडलात.

जुनी_घंटा, आमेनचं मान्य. आजीला एकही लॅटिन शब्द समजत नव्हता, असं वाचावं. म्हणजे माझा मुद्दा आणखी पक्का झाला, धन्यवाद.

जुनी_घंटा
समजत नव्हतं तरी दर रविवारी जायची ना? उन्हापावसात, लुगडं नेसून? आज सगळं समजतं, आणि प्रवचन चालू असताना अर्धी माणसं बाहेर जांभळाखाली उभी असतात. त्यात तुमच्या ग्रुपची माणसं कमी असतात, हे मात्र मी पाहिलंय. नाइलाजाने सांगतोय.

पहिला_बाक
रुमालवाला तो मीच. कोणीतरी लिंक पाठवली.

फॉरवर्ड पूर्ण वाचला नव्हता. वरचा परिच्छेद पटला म्हणून ढकलला. मैत्रीचं ते खाली होतं, 'आणखी वाचा'च्या आत. तेवढं मागे घेतो. टाळ्यांचं घेत नाही.

आणि त्या रात्री तुझ्या ग्रुपच्या बायका रोझरीच्या पाचव्या भेदानंतर, म्हणजे शेवटच्या भागानंतर, गिटार काढणार होत्या. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. हे कधी बोललो नव्हतो.

टाचेला अडखळणारा 'मागचा माणूस' तूच असतोस. रांगेत डोळे मिटून चालतोस.

पानवेल_वसई
डोळे मिटून प्रार्थना करत असतो.

पहिला_बाक
मग बाकावर बसून कर. रविवारी स्कूटर तू काढ, माझी गॅरेजमध्ये आहे.

पानवेल_वसई
सातची की नऊची?

पहिला_बाक
सातची. नऊला कीबोर्ड असतो.