पुस्तकातून घरात: घरच्यांनी मिळून काय काय केलंत? (अनुभव धागा)

मुलांसाठीचं एखादं पुस्तक सगळ्या घराला आवडलं आणि त्यातून घरच्यांनी मिळून काहीतरी उभं केलं, असे अनुभव इथे हवे आहेत. नाटक, नकाशा, गोधडी, हस्तलिखित, एखादा पदार्थसुद्धा चालेल. शाळेने सांगितलं म्हणून केलेले प्रकल्प वेगळे, ते इथे नकोत. पुस्तक वाचल्यावर घरात कुणालातरी राहवलं नाही म्हणून जे सुरू झालं, ते लिहा.

सुरुवात मीच करते. लेकीला ‘श्यामची आई’ वाचून दाखवत होते. मध्येच तिने विचारलं, "पालगड कुठे आहे?" बाबाने भिंतीवर कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवल्या आणि दापोली तालुक्याचा नकाशा सुरू झाला. मी हे पुस्तक लहानपणी रडत रडत वाचलं होतं, पण श्याम दापोलीहून पालगडला पायी यायचा म्हणजे किती चालायचा, वाटेत चढ किती, लाडघरचं तामस्तीर्थ घरापासून कुठल्या दिशेला, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. नकाशा काढायचा म्हटल्यावर प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागलं. विहीर कुठे? देऊळ घराच्या कोणत्या अंगाला? लेक म्हणते तसं, रडायचं नंतर, आधी रस्ता सापडू दे. साने गुरुजींनी हे सगळं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून आठवणीतून लिहिलं, हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या नकाशाकडे बघत बसली.

आता तुम्ही लिहा.

सांगली

आमच्या आप्पांचं (माझे वडील) काचबिंदूमुळे वाचन बंद झालं. आयुष्यभर वाचलेला माणूस. मला लहानपणी त्यांनीच भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे (फुरसुंगीचा बन्या फेणे) वाचून दाखवला होता, पात्रागणिक आवाज बदलून. माझ्या मुलांनी ठरवलं की आता आप्पांना आपण वाचून दाखवायचं. चारच दिवस नुसतं वाचन झालं असेल, मग धाकटा म्हणाला, हे रेकॉर्ड करू या, रेडिओवर लागतं तसं.

तिथून घराचा स्टुडिओ झाला. दिवसा शक्यच नव्हतं, कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची हाळी दोन्ही ऐन प्रसंगात यायची. रात्री जेवणं झाली की पंखे बंद, मोबाइल उशीवर, वरून रजई. पाऊस हवा तर सुपात मोहरी फिरवायची. पत्रा हलवला की ढगांचा गडगडाट. पळण्याचा आवाज चपला हातात घेऊन फरशीवर. बन्याची सायकल मात्र सहज जमेना. मुलांच्या गिअरच्या सायकलचा आवाज आप्पांना पटेना. "ही नव्हे, त्या काळची सायकल अशी वाजत नाही." शेवटी शेजारच्या काकांची जुनी काळी सायकल स्टँडवर चढवून पायडल हाताने फिरवलं, डायनामो टायरला टेकवला, तेव्हा आप्पा म्हणाले, "हां, आता निघाला फुरसुंगीचा!"

फेणेच्या त्या ‘ट्टॉक्’वर तर दोन रात्री वाद झाला. मोठ्याला वाटायचं की हा शब्द म्हणायचा असतो. आप्पा म्हणाले, म्हणायचा नाही, जीभ टाळूला लावून सोडायची. मग सगळं घर आरशासमोर ट्टॉक् ट्टॉक् करत उभं.

निवेदन आप्पांचंच. त्यांना दिसत नाही, म्हणून नातू वाक्य कानात सांगतो आणि आप्पा ते खड्या आवाजात म्हणतात. पुढे पुढे तर नातवाने पहिले दोन शब्द सांगितले की उरलेलं वाक्य आप्पाच पुरं करायचे. आमची वहिनी एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, तिने खलनायक असा काही केला की मुलं त्या रात्री तिच्याजवळ झोपायला तयार होईनात. एक पुस्तक पूर्ण झालं आहे, दुसरं चालू आहे. गावातले आप्पांचे मित्र संध्याकाळी ऐकायला येतात.

चिपळूणजवळून

वर ‘श्यामची आई’ आली म्हणून लिहायला घेतलं. त्यात पत्रावळीचं प्रकरण आहे. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, आणि आईला ते चालत नाही. माझा भाचा मे महिन्यात आला होता, त्याने ते वाचून विचारलं, "मावशी, तुला येते का?" मला येत नव्हती. माझ्या सासूबाईंना येते. त्या म्हणाल्या, बसा सगळे.

आधी पानं. पळसाची सगळ्यांत चांगली, रुंद आणि चिवट. वडाचीही चालतात. बांबूच्या चोया हाताशी नव्हत्या, तर सासूबाईंनी माडाच्या झावळीचे हीर (पात्यांच्या मधल्या काड्या) काढून बारीक तासायला लावले. मधे मोठं पान, भोवती बाकीची एकावर एक चढवत जायची, गुळगुळीत बाजू वर. टाका लहान घ्यायचा आणि हीर पानाच्या शिरेजवळून घालायचा, नाहीतर पान चिरतं. सांगायला सोपं आहे. भाच्याची पहिली पत्रावळ उचलताच सुटी झाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पानं परत त्याच्या पुढ्यात सरकवली. मला वाटलं, प्रकरणातली आई हीच.

दुपारी सगळे त्याच पत्रावळींवर जेवलो. आमटी कुठून गळते यावरून कोणती पत्रावळ कुणाची ते कळत होतं. गरम भात पानावर पडला की जो वास येतो, तो पुस्तकातून कळणं शक्य नाही. श्रावणात पुन्हा करायच्या असं ठरलंय, तेव्हा पानं भरपूर असतात.

मुंबई, भायखळा

माझ्या आईने नातीसाठी विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’मधले प्राणी गोधडीवर आणले. पुस्तक १९६१चं, आणि आम्ही राहतो बागेपासून चालत दहा मिनिटांवर. आई कविता म्हणायची, नात प्राणी कागदावर काढायची, मी कापडावर आखून कापायचे आणि आई टाके घालायची. कापड सगळं घरातलंच: हत्ती वडिलांच्या राखाडी पँटचा, वाघ माझ्या लग्नातल्या पिवळ्या ब्लाऊजचा. सिंहाच्या आयाळीला जुन्या शालीच्या झालरी.

नातीने हट्ट धरला की पेंग्विन पाहिजे. आई म्हणाली, पुस्तक लिहिलं तेव्हा बागेत पेंग्विन नव्हते. खरंच आहे, ते २०१६ साली आले. नात म्हणाली, मग त्यांच्यासाठी नवीन कविता कर. आईने आयुष्यात कविता केली नव्हती. तरी दुपारभर बसून आठ ओळी जुळवल्या, आणि पेंग्विनच्या शेजारी पांढऱ्या कापडावर दोऱ्याने त्यांतल्या दोन ओळी भरल्या. ती गोधडी आता धुवायचीसुद्धा भीती वाटते. पांघरायला मात्र रोज लागते, आणि ते बरंच आहे असं मला वाटतं.

पुणे

आमचं छोटंसं आहे. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ वाचून मुलाने आमच्या घरातल्या प्रत्येकाचं एकेक पुस्तक केलं. घडी घातलेले कागद, मधोमध दोऱ्याचा टाका, बस्स. मजकूर तो सांगायचा, ताई लिहायची. पहिलं पुस्तक त्याने आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचं केलं. त्या ते घरी घेऊन गेल्या.

नागपूर

शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ आमच्या मोठ्या आईकडून आम्हा चुलत बहिणींकडे आली. मूळ पुस्तक, ‘लिटल विमेन’, दीडशे वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतलं, पण त्यातल्या चौघी बहिणी माळ्यावर बसून घरचं वर्तमानपत्र काढतात ना, ते वाचलं आणि आम्हाला राहवेना. आमच्या शाळेत हस्तलिखित निघायचंच, त्यामुळे रीत ठाऊक होती. बोरू नाही, पण काळी शाई, आखलेले समास, मुखपृष्ठावर पोस्टर कलर.

संपादकीय मोठी आई लिहायची. बातम्या घरच्याच: कुणाचा दात पडला, संत्र्याच्या झाडाला बहर आला, काकांनी स्कूटर विकायला काढली. काका दर अंकात एक कोडं द्यायचे. पुस्तकात कुंपणातल्या पोस्टाची पेटी आहे, म्हणून आम्ही दोन घरांच्या मधल्या भिंतीवर चहाचा पत्र्याचा डबा टांगला आणि लेख त्यात टाकायचे असा नियम केला. बोलून सांगितलेली बातमी छापली जायची नाही! न बोलणाऱ्या काकूंनी त्या डब्यात काय काय लिहून टाकलं ते आज वाचलं तर डोळ्यांत पाणी येतं. माहेरच्या विहिरीवर, पहिल्या नोकरीवर, सोडलेल्या गाण्यावर त्यांनी लिहिलं. तोंडाने हे त्यांनी कधीच सांगितलं नसतं.

आता आम्ही चौघी चार गावांत आहोत. आमच्या मुलींनी अंक पुन्हा सुरू केलाय, आणि तो हातानेच लिहून टपालाने फिरतो.

जपान, नागानो प्रांतातून

‘तोत्तोचान’ मी चेतना सरदेशमुख गोसावींच्या मराठी अनुवादात वाचली होती, मुलाने ती जपानीत वाचली. दोघांची आवडती गोष्ट एकच निघाली, रेल्वेच्या डब्यांतली शाळा. तोक्योतल्या जियूगाओका भागातली ती शाळा, तोमोए, १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पण आमच्यापासून जवळ, मात्सुकावा गावात, ‘तोत्तोचान’मधली चित्रं ज्यांची आहेत त्या चिहिरो इवासाकींच्या चित्रांचं संग्रहालय आहे, आणि त्याला लागून असलेल्या बागेत जुने रेल्वेचे डबे आणून तोत्तोचानचा वर्ग मांडला आहे. तिथे बाकांवर बसून आलो आणि मुलाने घरी गॅलरीत पुठ्ठ्याचा डबा बांधायला काढला.

पुठ्ठ्याच्या डब्यापेक्षा जेवणाचा डबा जास्त टिकला. तोमोएचे मुख्याध्यापक कोबायाशी सर मुलांना ‘काही समुद्रातलं, काही डोंगरावरचं’ आणायला सांगायचे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तसा डबा असतो. समुद्रातलं म्हणजे कधी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), कधी माझ्या आईने मालवणहून पाठवलेल्या सुक्या जवळ्याची चटणी. डोंगरावरचं म्हणजे इथले मश्रूम, किंवा नाचणीची भाकरी. नाचणी डोंगरावरची धरायची का, यावर मुलाने आजीला व्हिडिओ कॉलवर विचारलं. आजी म्हणाली, "आमच्याकडे वरकस जमिनीत होते, डोंगरउतारावर. धर." मग तिनेही तिकडे मालवणात तसा डबा भरायला सुरुवात केली. दोघं एकमेकांना डब्याचे फोटो पाठवतात.

कोल्हापूर

रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ आम्ही गल्लीच्या गणपतीत केलं. पुस्तक घरात होतं, पाठ आधी घरातच झालं. चिंची चेटकीण माझ्या नवऱ्याने केली. मूळ नाटकात दिलीप प्रभावळकरांनी केली होती हे सासऱ्यांनी सांगितल्यावर त्याला हुरूप आला. सासूबाईंची काळी इरकल, काथ्याचे केस, वांग्याचं नाक. पोरं पहिल्या रांगेतून मागे पळाली.

यंदा मतकरींचंच ‘निम्मा शिम्मा राक्षस’ करायचा बेत आहे. मुखवटा पुठ्ठ्याचा करावा की कागदाच्या लगद्याचा, यावर घरात दोन तट पडलेत. लगद्याचा हलका होतो आणि रंग छान बसतो, पण आमच्याकडे ऑगस्टमध्ये ऊन दिसत नाही. कुणी पावसाळ्यात केला असेल तर सांगा: तो कसा वाळवला, आणि खळीत मेथीची पूड घातली की कीड लागत नाही हे खरं का?