पेटीचा गंधार चढा लागतो, की माझाच कान बिघडलाय?

गंधारवेडी, नौपाडा
काळी पाचात गाते, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी माझा षड्ज (सा). सध्या भूप राग चालू आहे. तंबोऱ्यावर गंधार लावला की जागेवर बसतो. पेटीवर पांढरी दोन दाबली की तो जरा वर वाटतो आणि दोन्ही मिळून चक्क थरथरतात. पंचमाला असं होत नाही. पेटी नुकतीच सुरात करून आणलीय, मोबाईलच्या ट्यूनरवर काटा बरोब्बर मधे. दुकानदार म्हणे, "ताई, पेटी ओके आहे, रियाज वाढवा." सोसायटीच्या गणपतीत गायचंय. गंधाराची रीड (पेटीतली सूर देणारी पितळी पट्टी) घासून उतरवून घेऊ का?

पेटीवाला काका, कळवा
अजिबात घासू नका!
दुकानदार खोटं बोलत नाही आणि तुमचा कानही उत्तम आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर जवारीतून, म्हणजे तारेच्या झंकारातून, जो स्वयंभू (आपोआप उमटणारा) गंधार निघतो तो षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ५:४. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर ३८६ वर. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत, प्रत्येकी १००, म्हणून तिचा गंधार ४०० वर. १४ सेंट चढा. काळी पाचाच्या षड्जाला ही थरथर सेकंदाला नऊएक वेळा होते, तीच तुम्हाला ऐकू येतेय. पंचम फक्त २ सेंट उतरलेला, तो खपून जातो.
आता घासण्याचं. रीड टोकाला खरवडली की सूर चढतो, रिबिटीजवळ खरवडली की उतरतो. एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. समजा गंधार १४ आणि धैवत १६ सेंट उतरवला, रिषभ ४ चढवला. तुमचा भूप झकास. मग पांढरी एकात गाणारे कुणी आले, की तुमचा रिषभ त्यांचा षड्ज आणि तुमचा धैवत त्यांचा पंचम. तो २२ सेंट बेसूर. तंबोरा फेकून मारतील.
रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामागे हेही एक दुखणं होतं. डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची (सप्तकात बाराऐवजी बावीस सूरस्थानं असलेली) पेटी याच दुखण्यावर आहे, पण गणपतीला साधीच चालेल. साथीदाराला सांगा, तुम्ही गंधारावर थांबलात की त्याने सा-प धरून बसावं.

कीज_कोपरखैरणे
एवढं कशाला? कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंग असेल तर रे +४, ग −१४, म −२, प +२, ध −१६, नि −१२. षड्ज बदलला की आकडे त्या पट्टीवर सरकवायचे.
आणि खरं सांगू का, मांडवातल्या स्पीकरवर १४ सेंट कुणाच्या बापाला कळत नाहीत.

गंधारवेडी, नौपाडा
मला कळतात ना, दादा 😄 रीड वाचली. काका, यमनच्या निषादालाही उणे १२ च धरू?

पेटीवाला काका, कळवा
गंधाराशी पंचमाचं नातं जुळवून बघायचं असेल तर धरा. पण वरच्या षड्जाकडे जाताना बरेच गायक निषाद मुद्दाम चढा ठेवतात, षड्जाला अगदी चिकटवून. तिथे मी पेटीवर निषाद वाजवतच नाही.