मदत हवी आहे: 'फासकी'मध्ये नेमकं काय काय येतं? गावच्या बोर्डासाठी

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, गाव म्हादई अभयारण्याला लागूनच आहे. काजू पिकायला लागला की रानडुकरं बागायतीत उतरतात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शिरली तर एका रात्रीत सगळं उकरून टाकतात, त्यामुळे लोकांचा राग मला कळतो. पण त्या रागात कुंपणाच्या भगदाडात तारेचे फास लावले जातात आणि त्यात डुक्करच अडकेल याची काय गॅरंटी? बिबटा अडकतो, भेकर अडकतं, गावातली कुत्री अडकतात.

हे थांबवावं म्हणून आम्ही काही जण मिळून गावाच्या वाटेवर मराठीत बोर्ड लावतोय. आधीच्या मजकुरात "सापळे लावू नयेत" असं होतं. तो दोन-तीन शेतकऱ्यांना वाचून दाखवला तर एक काका सरळ म्हणाले, "आमी खंय सापळे लावतांव, सापळो म्हणजे उंदराचो." आणि त्यांच्याच कुंपणाला स्कूटरची क्लच वायर गुंडाळून ठेवलेली! ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांच्या डोक्यात सापळा म्हणजे खटका पडणारी लोखंडी वस्तू किंवा पिंजरा, तारेचा फास त्यात धरतच नाहीत.

सिंधुदुर्गातल्या बातम्यांत मी कायम "फासकीत अडकलेल्या बिबट्याला जीवदान" असं वाचतो. आमच्याकडे जुनी माणसं नुसतं फास म्हणतात. तर विचारायचं हे, की फासकी म्हणजे फक्त तारेचा सरकता फास की पाय पकडणारी दातेरी लोखंडी पकडपण त्यात येते? फासकी 'लावतात', 'मांडतात' की 'घालतात'? आणि रानात जाळं लावून ससे धरायचे त्याला काय म्हणायचं? प्लीज कुणाला पक्कं माहीत असेल तर सांगा, शब्द चुकला तर बोर्ड वाचून लोक "हे आपल्यासाठी नाही" म्हणून पुढे जाणार.

प्रतिसाद १
मी दोडामार्गचा. आमच्याकडे फासकी म्हणजे फासच, तारेचा नायतर दोरीचा. तारेचं एक टोक त्याच तारेच्या डोळ्यातून ओवून घेतात, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला नाहीतर ठोकलेल्या खुंट्याला पक्कं बांधतात आणि डुकराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, डोकं जाईल एवढ्या उंचीवर काटक्यांच्या आधारानं तो फास उभा करतात. जनावर पुढे ढकलत जातं, फास आवळतो, आणि जेवढं ओढेल तेवढा अजून आवळतो, मागे सैल होत नाही. बिबट्याचं डोकं नि पुढचे पाय कधीकधी आरपार जातात आणि तार कमरेला बसते, मग तो गरगर फिरतो आणि तार कातडीत रुतत जाते. बाहेरून जखम छोटी दिसली तरी आत मार बसलेला असतो, म्हणून बेशुद्ध करून सोडवल्यावरही डॉक्टर त्याला लगेच जंगलात सोडत नाहीत, ठेवून घेतात.
दातेरी पकड वेगळी, तिला फासकी म्हणत नाहीत. जाळ्याला जुना शब्द वाघूर. आणि फासकी 'लावतात'.

प्रतिसाद २
वरच्या दादांचं बरोबर आहे. फासेपारधी हे नावसुद्धा फास्यावरूनच आलंय, म्हणजे ही जुनी पद्धत आहे, क्लच वायर तेवढी नवीन. पण माझं म्हणणं, बोर्डावर शब्दाबरोबर वस्तूच लिहा. आणि कायद्याचा भाग सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, फास किंवा सापळा लावून पकडणं आणि तसा प्रयत्न करणं पण आहे. हत्यारांच्या व्याख्येतसुद्धा फास आणि सापळे आहेत. "मी डुक्कर मारलं कुठे, नुसती तार लावलेली" ही सबब तिथे चालत नाही, लोकांना हेच माहीत नसतं.

धागाकर्ता
खूप खूप आभार दोघांचे, हेच पाहिजे होतं. आता मजकूर असा केलाय:
"डुकरासाठी कुंपणात किंवा वाटेवर तारेचा फास (फासकी) लावणे ही शिकारच आहे. क्लच वायर, बाइंडिंग वायर, दोरी, काहीही असो. लोखंडी पकड आणि वाघूरसुद्धा चालणार नाही. फास दिसला तर वन खात्याला कळवा. जनावर अडकलेलं असेल तर जवळ जाऊ नका, गर्दी करू नका."
शेवटची ओळ मुद्दाम घातली, कारण अडकलेला बिबटा बघायला सगळा गाव मोबाईल घेऊन जमतो आणि तो बिचारा घाबरून अजून ओढतो, त्यातच जास्त इजा होते. आता एकच राहिलं, त्या दातेरी पकडीला सत्तरी, सांगे, काणकोण बाजूला काही खास नाव असेल तर लवकर लिहा, पेंटर या आठवड्यात येतोय.