शब्दचर्चा: गेमच्या शेवटी होतो तो 'विरस', 'हिरमोड' की 'चकवा'?

कुळागर
आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी जुन्या टीव्ही गेमांच्या शेवटांवर लेख लिहितो आहे. १९८५चा 'सुपर मारिओ' सगळ्यांना आठवत असेल. प्रत्येक जगाची चौथी स्टेज, आगीचे गोळे चुकवत पूल ओलांडायचा, तर पलीकडे राजकन्येचा टोपीवाला सेवक टोड उभा: धन्यवाद, पण राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. एकदा नाही, सात वेळा. आठव्या किल्ल्यात ती भेटते. मी लिहिलं, 'दर वेळी खेळणाऱ्याचा विरस होतो.' लेख तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'कथानकाला कलाटणी मिळते' केलं. त्या म्हणाल्या, विरस नाटकात होतो, गेममध्ये नाही. मला कलाटणी पटत नाही. कलाटणीत गोष्ट वळते, इथे ती जागची हलतही नाही. दुसरा शब्द आहे का?

मांडवीकाठ
हिरमोड! पणजीत आम्ही मुलं हेच म्हणायचो. हीर म्हणजे माडाच्या चुडताची काडी. आजी खराटा बांधताना मोडका हीर बाजूला टाकायची, तो परत ताठ होत नाही म्हणून. मनाचंही तसंच होतं. शब्द तिथूनच आला असणार.

अबोली
शब्द बरोबर, व्युत्पत्ती मानवत नाही. 'हिरमुसला' या शब्दातही हिर आहे, तिथे खराट्याची काडी कशी बसवणार? गोष्ट गोड आहे म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.
आणि कुळागरबाब, विरस सोडू नका. रस गेला तो विरस. नाटकाची मक्तेदारी त्यावर कोणी दिली?

पेडण्याहून
माझं मत 'चकवा'ला. माझे वडील एकदा रात्री काजूच्या बागेतून घरी निघाले आणि उजाडेपर्यंत त्याच आंब्यापाशी येत राहिले. घरात सगळे म्हणाले, चकवा लागला. आता १९८५चाच 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' घ्या. एक घाव बसला की सरदाराचं चिलखत गळून तो चड्डीवर येतो, दुसऱ्या घावाला हाडं. असा जीव काढून सैतानापर्यंत पोचलं, त्याला मारलं, की पडद्यावर येतं: हा सगळा भ्रम होता, सैतानाचा सापळा होता. आणि गेम पहिल्या स्टेजवर! पुन्हा सगळं खेळल्यावरच खरा शेवट. चकवण्याचा चकवा आणि रानातला चकवा, दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. मी तो शेवट शाळेत असताना पाहिला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मांडवीकाठ
हे मान्य! घोस्ट्सला चकवाच. पण मारिओत माणूस पुढे जातो, परत मागे येत नाही. तिथे हुलकावणी.

खाजनकाठ
एवढं कशाला शोधता? आमच्याकडे पोरं सरळ म्हणायची, 'गेमान फटोवलें रे!' फट म्हणजे खोटं. लेखात 'फटवणूक' लिहा, गोव्यातल्या प्रत्येकाला कळेल.

अबोली
तो कोकणी शब्द आहे. मराठी हस्तलिखितात फसवणूक, फसगत असताना तो कशाला?

खाजनकाठ
ताई, 'कॅसेट' चालते, 'स्टेज' चालते, आणि शेजारच्या अंगणातला शब्द चालत नाही? मी घरी मराठीच बोलतो, पण गेम हरल्यावर तोंडातून येतं ते 'फटोवलें'. ते काढून टाकलं तर माझं लहानपण लेखात कुठे राहणार?

अबोली
तुमच्या आठवणीत तो अवश्य ठेवा, अवतरणात. लेखकाच्या निवेदनात नको. एवढंच म्हणणं आहे.

मांडवीकाठ
मध्येच एक शंका. 'किल्ला' बरोबर आहे का? राजकन्या राहते म्हणजे राजवाडा हवा.

पेडण्याहून
राहत नाही, डांबलेली असते. आमचा आग्वादही किल्ला, १६१२चा, आणि पुढे तिथे तुरुंग होता. किल्लाच ठेवा.

सांजदिवा
हिरमोड, चकवा, फसगत, सगळ्यांत कोणीतरी लबाडी केली असा सूर आहे. १९८८च्या अमेरिकी 'सुपर मारिओ २'ला तो शोभतो, शेवटी मारिओ अंथरुणात झोपलेला दिसतो आणि सगळं स्वप्न होतं असं कळतं. पण १९९३चा 'लिंक्स अवेकनिंग' पाहा. कोहोलिंट बेट हे वाऱ्याच्या माशाचं स्वप्न आहे. मासा जागा झाला की बेट नाहीसं, तिथली माणसं नाहीशी. आणि हे अर्ध्या वाटेवर भिंतीवरच्या चित्रातून कळलेलं असतं. आपणच त्याला जागं करतो. इथे 'स्वप्नभंग' अक्षरशः लागू होतो. मला तो शेवट आजही सोसत नाही.

कुळागर
स्वप्नभंग सुंदर. पण मग १९८६च्या 'मेट्रॉइड'चं काय? झपाट्याने संपवला तर शेवटी मुख्य पात्राचं, सामसचं, शिरस्त्राण उतरतं आणि आत बाई असते. इंग्रजी पुस्तिकेत तर सामसला पुरुष म्हणूनच लिहिलं होतं.

अबोली
तिथे विरस नाही, तिथे उलगडा. आणि मराठीत खरी अडचण पुढे आहे! 'सामस आला' की 'आली'? आपलं क्रियापद पहिल्याच वाक्यात गुपित फोडतं. 'तो' लिहिलं तर लेखक खोटं बोलला, 'ती' लिहिलं तर शेवटच गेला.

खाजनकाठ
कोकणीत अडचण कमी आहे. चेडूं नपुंसकलिंगी, 'तें आयलें'. मराठीतही 'ते पोर आलं' म्हणतोच की.

अबोली
अंतराळात चाचे मारत फिरणाऱ्या बाईला 'पोर' म्हणायचं? नाही हो.

सांजदिवा
कर्मणी प्रयोग आहे ना! 'सामसने दार उघडलं', 'सामसने क्षेपणास्त्र सोडलं', 'सामसने भिंत फोडली'. क्रियापद दाराशी, क्षेपणास्त्राशी, भिंतीशी जुळतं, सामसशी नाही. सर्वनाम टाळून नावच पुन्हा घ्यायचं.

कुळागर
हे आत्ताच करून पाहिलं, दोन परिच्छेद निभावले! पण एका ठिकाणी अडलं. सामस मेला की मेली?

पेडण्याहून
'सामसचा जीव गेला'. गेम खेळताना आपण तसंच म्हणायचो ना? 'माझा एक जीव गेला, दोन उरले.'