होंडा पॅन घेऊ का? (एमओटीच्या आकड्यांत घोळ)

मंदार, हॅरो
मंडळी, बाइकची टेस्ट पास झालो हे शनिवारी सांगितलंच. आता गाडी. मेडस्टोनला एक होंडा पॅन युरोपियन आहे, एसटी १३००, ५७ प्लेट (म्हणजे २००७-०८ ची), ९१,८६० मैल. हो माहितीये, किलोमीटरमध्ये दीड लाखाला टेकलीये. आत्ताच्या मालकाने २०१४ ला घेतली, सगळ्या पावत्या आहेत म्हणतो, २,१०० पाउंड मागतोय. मायलेजचं मला टेन्शन नाही, शाफ्टची गाडी आहे, चेनचं झंझट नाही. घोळ वेगळाच आहे. सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीची, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची, हिस्टरी काढली तर २०१२ ला ५१,३८०, २०१३ ला ५५,२१०, २०१४ ला एकदम ९५,२७० आणि २०१५ ला परत ६२,६४०. म्हणजे मीटर मागे फिरवलाय का? रविवारी बघायला जायचंय, त्याआधी सांगा. आणि घरच्या फोनवर कृपया करू नका, हिला किंमत अजून सांगितलेली नाही.

बापूकाका
फिरवलाय. विचारायचं काय त्यात. ९५ चे ६२ झाले म्हणजे तेहतीस हजार मैल गिळले. गोऱ्या माणसाने पावत्या दाखवल्या की आपली मुलं लगेच विरघळतात. आमच्याकडे बुलेट होती, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, खंबाटकी घाटात भर पावसात बंद पडली तेव्हा मी आणि धाकट्या भावाने ढकलत वर नेली, पण त्या गाडीने कधी खोटं सांगितलं नाही. मीटरची केबल पहिल्या वर्षीच तुटलेली.

शिरीष
काका, केबल तुटल्यावर खरं तरी कसं सांगेल.
मंदार, ९५,२७० ला १.६०९ ने भाग. ५९,२०० येतात. ५५ आणि ६२ च्या बरोबर मधे. त्या वर्षी कुणीतरी आकडा किलोमीटरमध्ये टाकलाय, बाकी काही नाही. मीटर मागे फिरवणारा माणूस एका वर्षासाठी आधी पुढे कशाला नेईल?

बापूकाका
इंग्लंडात किलोमीटर कोण लिहितो? चाळीस वर्षं आहे इथे, एकाही एमओटीवाल्याने माझ्या गाडीचे किलोमीटर लिहिले नाहीत.

शिरीष
तुमच्या गाडीला मैलांचाच मीटर आहे काका. काही डिजिटल मीटरांवर बटण दाबलं की मैलाचे किलोमीटर होतात, मागचा मालक फ्रान्सला जाऊन आला असेल आणि तसंच ठेवलं असेल. एमओटीवाला दिसेल तो आकडा टाइप करतो. माझ्या कारला एका वर्षी १ च्या जागी ७ पडला होता, २८ दिवसांच्या आत गेलो म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळाला. नंतर पुरावे घेऊन मागे लागावं लागतं, ते कोण करतंय.

गौरी
तुमचे आकडे चालू द्या. मला एक सांगा, पहिलीच गाडी म्हणून पॅन ही कुणाची आयडिया? मंदार, मी मागच्या वर्षी डायरेक्ट अॅक्सेस (थेट मोठ्या बाइकचं लायसन्स) केलं, तुझाच सेंटर. तिथे ज्या गाडीवर यू-टर्न मारतो ती दोनशे किलोच्या आसपास असते. पॅन टाकी भरल्यावर सव्वातीनशे, आणि टाकी २९ लिटरची. मोटरवेवर काही कळत नाही, लोण्यासारखी जाते. कळतं ते पेट्रोल पंपावर, वळताना पाय खाली टेकला आणि नेमका तिथे डिझेल सांडलेलं असलं की. माझी स्वतःची साडेसहाशे सीसीची आमच्याच ड्राइव्हवेवर आडवी झाली, शेजारचे आजोबा कुत्रं धरून बघत उभे होते, आणि मी हेल्मेट न काढता तशीच उभी, म्हणजे निदान चेहरा दिसू नये.
गेलास की आधी इंजिनाला हात लाव. गार असायला हवं. आधीच तापवून ठेवलं असेल तर का ते विचार. मग इंजिन बंद ठेवून गाडी त्याच्या गॅरेजातून मागे ढकलत बाहेर काढ, एकट्याने. आणि डबल स्टँडवर स्वतः चढव. नाही जमलं तर मैलांचा हिशोब करत बसू नकोस, घरी ये.

विनायक
ते ठीक, पण युलेझचं, म्हणजे लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लागणाऱ्या आकाराचं, कुणी बघितलं का? हॅरो आत आहे. जुनी गाडी असेल तर बाइकलाही रोजचे साडेबारा पाउंड लागतात.

अनघा
५७ प्लेट म्हणजे सप्टेंबर २००७ नंतरची, युरो ३ च्या धुराच्या नियमात बसते, जुलै २००७ नंतरच्या बहुतेक सगळ्या बसतात. तरी मंदार टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर नंबर टाकून खात्री करून घे, एक मिनिटाचं काम आहे. विनायक, तुझ्या त्या कपाटातल्या सुझुकीचं काय झालं?

विनायक
कपाट नाही, शेड आहे. आणि ती विकायची नाहीये.

किरण (सेक्रेटरी)
सर्वांना विनंती, ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. ढोलांच्या व्हॅनबद्दल मी गुरुवारी मेल टाकली त्याला एकही उत्तर नाही आणि इथे बारा मेल झाल्या. बाइकचा वेगळा व्हॉट्सॅप ग्रुप करा. मागच्या दिवाळीला झालं ते परत नको.

बापूकाका
किरण, ही लिस्ट मी सुरू केली तेव्हा तू शाळेत होतास. लोकांना कुकर कुठे दुरुस्त होतो तेही इथेच विचारायचं असतं. दिवाळीचं काढलंस म्हणून सांगतो, हॉलची किल्ली माझ्याकडे नव्हतीच.

शिरीष
मंदार, गौरीचं बरोबर आहे, पण माझ्याकडे तीच गाडी सहा वर्षं होती म्हणून एक अजून. पॅनचे ब्रेक जोडलेले असतात, पुढचा लिव्हर दाबला तरी मागचं लागतं आणि पेडल दाबलं तरी पुढचं. इथल्या मिठाच्या रस्त्यांवर ते जाम होतात आणि हळूहळू घासत राहतात. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं ना, पेडल दोनतीनदा दाब, सोड, आणि चाक हाताने फिरव. शाफ्टमुळे थोडं जड लागेल, पण पेडल दाबायच्या आधी जेवढं फिरत होतं तेवढंच नंतर फिरलं पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जाळी छान दिसते म्हणून फसू नकोस. आणि घरी आणायच्या आधी फोनवरून टॅक्स भर, जुन्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येत नाही, २०१४ पासून बंद झालंय ते. इन्शुरन्सही आधी.

सुहास
आमच्या वेळी हे टेस्टबिस्ट नव्हतं, मी पुण्याच्या लायसन्सवरच चालवली इथे.

अनघा
सुहासदादा, इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं ते. तुम्ही किती वर्षं चालवलीत ते लिस्टवर लिहू नका.

विनायक
येताना डार्टफर्डच्या पुलावर जपून रे, आडवा वारा असतो, नवशिक्याला बाइक हलते.

शिरीष
पूल दक्षिणेला जाताना. मेडस्टोनहून येताना बोगदा लागतो.

विनायक
बोगद्यात पण वारा असतो.

मंदार, हॅरो
जाऊन आलो. मालक सत्तरीचा, रिटायर्ड पोस्टमन, चहा दिला, बिस्किटं दिली. इंजिन गार होतं. फाइलमध्ये २०१४ चं एमओटीचं सर्टिफिकेट निघालं, त्यावर ९५,२७० छापलंय आणि शेजारी निळ्या पेनने बारीक अक्षरात 'किमी'. त्याने गाडी घेतली त्याच आठवड्यातलं. त्याच महिन्याची सर्व्हिसची पावती आहे, तिच्यावर ५९,२१४ मैल. शिरीषदादा, तुम्हाला एक जेवण लागू.
मागचं चाक पेडलच्या आधी फिरत होतं, नंतर फिरायला तयार नाही. मागच्या टायरवर ३८१६, म्हणजे २०१६ चा सप्टेंबर, जाळी नव्यासारखी, कडेला बारीक बारीक चिरा. दोन्ही गोष्टी दाखवल्या तर खळखळ न करता १,७५० वर आला, ब्रेक स्वतः करून देतो म्हणाला. गौरी, ढकलत बाहेर काढली, थांबत थांबत. डबल स्टँड काही जमेना, तीनदा प्रयत्न केला, घाम फुटला. त्याने एका पायाने असा ठेवला स्टँड आणि गाडी आपली आपण वर गेली. म्हणाला, ओढायची नाही, स्टँडवरच्या पायावर अंगाचा भार टाकायचा. पाचव्यांदा जमलं.
शंभर पाउंड देऊन आलोय. हिला सांगितलं. ते दुसऱ्या मेलचा विषय.
शनिवारी आणायला जायचंय. बापूकाका, तुम्ही कारने मागे याल का?

बापूकाका
येईन. बाइकला डार्टफर्ड फुकट आहे, माझ्या कारचे पैसे तू भरायचे. सातला निघू. पेनने 'किमी' कुणीही लिहू शकतो, एवढं मात्र लक्षात ठेव.