इंग्रजी बोलणारे वेळेचा एवढा हिशेब का ठेवतात?

लीड्सकर

इथे इंग्लंडात फोनवरचं बोलणं आटपायचं असलं की समोरचा 'ठेवतो आता' म्हणत नाही, 'आय वोंट कीप यू' म्हणतो. कंटाळा त्याला आलेला असतो, पण जाता जाता उपकार माझ्यावर. जणू माझा वेळ त्याच्या मुठीत होता आणि तो उदार मनाने परत करतोय. पुढे 'थँक यू फॉर युअर टाइम' आहेच. वेळ उसना घेतात, विकत घेतात, वाचवतात, गुंतवतात. सगळा शब्दसाठा पेढीवरचा.

बेंजामिन फ्रँकलिनने 1748 मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला उपदेश लिहिला, त्यातलं 'वेळ म्हणजे पैसा' सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. दिवसाला दहा शिलिंग कमावू शकणारा माणूस अर्धा दिवस भटकला आणि मौजेवर फक्त सहा पेन्स उडवले, तर त्याचा खर्च सहा पेन्स नव्हे. न कमावलेले पाच शिलिंगही त्याने फेकून दिले, असं फ्रँकलिन म्हणतो. म्हणजे झाडाखाली नुसतं बसणंसुद्धा खतावणीत नावे पडलं.

लॅकॉफ आणि जॉन्सन या दोघा अभ्यासकांनी 1980 मध्ये मांडलं की ही नुसती बोलण्याची लकब नाही, माणसं त्या रूपकाच्या आत राहतात. मला ते रोज दिसतं. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. सकाळी त्यांच्याकडे मदतनीस येते, पंधरा मिनिटांसाठी. दारातून आत आली की आधी फोनवर हजेरी, मग बाईंना उठवणं, गोळ्या, आणि नंतर निवड: अंघोळ की नाश्ता? बाई गुडघ्याबद्दल सांगायला लागल्या की ती मदतनीस मुलगी 'हो हो' म्हणत एका हाताने कोट चढवत असते. ती वाईट नाही, पुढचं घर वाट बघतंय. अर्ध्या तासापेक्षा छोट्या भेटी सहसा ठेवू नयेत असं आरोग्य आणि देखभालीबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने 2015 मध्येच सांगितलंय, तरी हे चालू आहे.

माझं म्हणणं: वेळेची नाणी पाडली की ती तासून बारीक करायलाही कुणाला काही वाटत नाही. आणि नाणी या भाषेने पाडली. हाणा आता.

शंकासुर

हाणतोच. भाषेवर खापर फोडणं सोपं असतं, कारण भाषा कोर्टात उभी राहत नाही.

सेनेका इंग्रज नव्हता. पहिल्या शतकातला हा रोमन आपल्या पहिल्याच पत्रात लिहितो की बाकी सगळं परक्याचं, वेळ तेवढा आपला. शिवाय वर सांगतो की मी उधळा असलो तरी खर्चाचा हिशेब ठेवून आहे. तेव्हा कारखाना नव्हता, फ्रँकलिन नव्हता. शेक्सपियरच्या नाटकातला राजा दुसरा रिचर्ड कैदेत बसून 'मी वेळ वाया घालवला, आता वेळ मला वाया घालवतोय' म्हणतो, तेही वाफेच्या इंजिनाच्या कितीतरी आधी.

आणि आपण काय धुतल्या तांदळासारखे? 'ऐक सदेवपणाचें लक्षण, रिकामा जाऊं नेदी येक क्षण' हे समर्थांनी लंडनहून शिकून आल्यावर लिहिलं का? आपण वेळ दवडतो, काढतो, खातो, मारून नेतो. इंग्रज वेळेला ठारही मारतात, मग त्यांच्यावर खुनाचा खटला भरायचा?

वहिवाट

शंकासुर, रूपक जुनं असेल, पण बिल कुणी काढलं ते बघा. मी पुण्यात बसून लंडनच्या एका सॉलिसिटर कंपनीचं काम करतो (नाव विचारू नका, नोकरी आहे). तिकडे वकिलाचा तास दहा तुकड्यांत कापलेला असतो, सहा मिनिटांचं एक युनिट. तुकडे दहाच का? दशांशात बेरीज सोपी जाते, बाकी काही तत्त्वज्ञान नाही. साधं पत्र किंवा नेहमीचा फोन म्हणजे एक युनिट, हे कोर्टाच्या खर्चाच्या नियमांतही आहे. चाळीस सेकंदांच्या ईमेलचीही अशिलाच्या नावावर सहा मिनिटं.

संध्याकाळी टाइमशीट भरताना गंमत असते. जेवण 'नॉन-बिलेबल', म्हणजे अशिलाच्या बिलात न लावता येणारं. नव्या पोराला कलम समजावून सांगितलं, तेही 'नॉन-बिलेबल'. म्हणून कुणी समजावून सांगत नाही. लीड्सकरांच्या बाजूने माझं एक मत धरा.

कोरा_कागद

ई. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकाराचा 1967 चा निबंध या विषयावरचा बाप आहे. काळ आता नुसता जात नाही, खर्चला जातो, हे त्याचंच निरीक्षण. घड्याळं घरोघरी येण्याआधी इंग्लंडमध्ये 'लघवीला जाऊन येण्याइतका वेळ' असं माप होतं, हेही तो नोंदवतो, आणि तेवढ्यावर न थांबता हे माप जरा मनमानी आहे अशी टिप्पणीही करतो.

त्याच निबंधात उत्तर इंग्लंडमधल्या क्रॉली लोहकारखान्याची 1700 च्या सुमाराची नियमावली आहे. दिवसाला साडेतेरा तास निव्वळ काम. 'निव्वळ' म्हणजे काय वजा करून? दारूचा गुत्ता, कॉफीहाउस, न्याहारी, खेळ, झोप, धूम्रपान, गाणं, बातम्या वाचणं, भांडण, वाद. मालकाने माणसाचं अख्खं आयुष्य यादीत लिहून काढलं आणि मग ते कापलं. वहिवाट, तुमच्या टाइमशीटचे पणजोबा हेच.

पण याच भाषेतल्या काही वेड्यांनी रूपक उलटं फिरवलं, हे विसरू नका. जोसाया वॉरेनने 1827 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत दुकान थाटलं. माल जवळजवळ खरेदीच्या भावात. वर दुकानदाराने तुमच्यासाठी घालवलेला वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून आकारायचा, आणि तो फेडायचा तुमच्या श्रमाच्या चिठ्ठीने. घासाघीस करत उभं राहिलं की घड्याळ चालूच. दादरच्या साडीच्या दुकानात हे लावून बघा, संध्याकाळपर्यंत दंगल! पुढे 1832 मध्ये समाजवादी रॉबर्ट ओवेननेही लंडनमध्ये तासांच्या नोटा काढल्या. दोन वर्षांत गाशा गुंडाळला, पण काढल्या.

गिरणगावकरीण

आतापर्यंत सगळे घड्याळाला शिव्या घालतायत. माझं उलट मत आहे, थोडं सविस्तर लिहिते.

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायचं. म्हणजे अगदी निसर्गाच्या लयीत, लीड्सकरांना आवडेल असं. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर राबणंही जास्त. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पंधरा तारखेच्या आत. यातली एकूण एक मागणी मोजमापाची आहे. रविवार मिळायला 1890 उजाडलं. मेलबर्नच्या पाथरवटांनी 1856 मध्ये आठ तासांसाठी हत्यारं खाली ठेवली. आठ तास काम, आठ तास आराम, आठ तास आपले, ही त्या चळवळीची घोषणाही वेळेची वाटणीच होती आणि तीही इंग्रजीतच.

वेळ मोजू नये हे पोट भरलेल्याला सुचतं. माझ्या आईला घरी कुणी कधी तास मोजून दिले नाहीत, म्हणून तिचं काम कधी संपलंही नाही.

लीड्सकर

@गिरणगावकरीण, लोखंड्यांबद्दल काही वाद नाही. पण घड्याळ कुणाच्या हातात, हेही बघा. थॉम्पसनच्याच निबंधात स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरणीची साक्ष आहे: मालक सकाळी काटे पुढे करायचे, रात्री मागे, आणि कामगाराने स्वतःचं घड्याळ आणलेलं त्यांना खपायचं नाही. आमच्या शेजारी येणाऱ्या मदतनीस मुलीची पंधरा मिनिटंही कचेरीतलं कुणीतरी ठरवतं. ना ती, ना बाई.

गिरणगावकरीण

अहो मग, त्या मुलीला दोन घरांमधल्या प्रवासाचे पैसे मिळतात का?

लीड्सकर

नाही. फक्त दाराच्या आतले.

गिरणगावकरीण

मग तुमची तक्रारच बदलली. मोजमाप जास्त झालेलं नाही, कमी पडलंय. बसस्टॉपवर पावसात उभं राहिलेली वीस मिनिटं मोजली असती, तर कंपनीने दिवसाला इतकी घरं तिच्या गळ्यात मारलीच नसती. फुकट मिळतं म्हणून उधळतात.

शंकासुर

या मुद्द्याला +१. मी भाषेला सोडवायला आलो होतो, इथे घड्याळाचीही जामिनावर सुटका झाली.

लीड्सकर

प्रवासाचं पटलं. गुडघ्याचं नाही. त्या बाईंना जे हवंय त्याला शीटवर रकानाच नाही. 'गप्पा, दहा मिनिटं' असा रकाना उद्या आला, तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्याची आठ करेल.

वहिवाट

तो रकाना आलेला आहे. एडगर कान हा अमेरिकन, स्वतः वकील, त्याने 1980 च्या दशकात 'टाइम डॉलर' काढला. म्हाताऱ्या माणसाशी तासभर बोलत बसलं की खात्यात एक तास जमा. तो वापरून दुसऱ्या कुणाकडून नळ दुरुस्त करून घ्या किंवा इंग्रजी शिका. वकिलाचा तास आणि झाडूवाल्याचा तास, किंमत एकच. ब्रिटनमध्येही अशा टाइम बँका निघाल्या. आमच्या पार्टनरसाहेबांना सांगून बघावं म्हणतो, ऐकायचे किती युनिट लावतात ते कळेल.

लीड्सकर

म्हणजे पेढीतून सुटायचं म्हणून काढलेल्या गोष्टीचंही नाव बँकच ठेवलं ना!

गिरणगावकरीण

नाव काहीही असू द्या. त्या बाईंच्या गावात शाखा आहे का, ते आधी शोधा.